काचेच्या आडचा ॲप्रन

जेवणं कधीच आटोपली होती, पण उठायचं कुणाच्याच मनात नव्हतं. धाकट्या जावेनं दिवस राहिल्याची बातमी सांगितली होती, सासूबाईंनी पदरानं डोळे पुसून घेतले होते, आणि तिचा नवरा, धाकटा दीर, सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत सुटला होता, भरलेल्या पेल्यांतसुद्धा.

"आता पहिलं काम काय करायचं," सासूबाई धाकटीला म्हणाल्या, "त्या मशिनीपासून लांब व्हायचं. उद्याच्या उद्या सांग त्यांना, माझी दुसरीकडे बदली करा."

धाकटी हाडांच्या ऑपरेशन थिएटरात नर्स होती. मोडलेल्या हाडात खिळा बसवताना तो जागेवर जातोय की नाही हे पाहायला तिथे एक्स-रेचं एक मशीन आणून ठेवतात. कमानीसारखा त्याचा हात टेबलाला मिठी मारून असतो. बटण दाबलं की किरणं पेशंटवर पडतात, आणि पेशंटच्या अंगावरून उडून थोडीफार आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांवर. म्हणून आतले सगळे अंगात शिशाचा जड ॲप्रन घालतात.

"इन्चार्ज सिस्टर स्वतःच म्हणाल्या, हवं तर खाली ओपीडीत जा," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं, थांबा, घरी ताई आहेत. त्यांना विचारते आधी."

हे तिनं अशा काही ऐटीत सांगितलं, की थोरलीला मनातून बरं वाटलं. थोरली, म्हणजे तिची मोठी जाऊ, त्याच हॉस्पिटलात किरणांच्या सुरक्षिततेचं काम पाहायची. भौतिकशास्त्र शिकलेली. कुठल्या मशीनमधून किती गळतं, कुठल्या भिंतीत किती शिसं हवं, कुणाच्या छातीवरच्या बॅजनं किती किरणं पकडली, हे सगळं तिच्या अखत्यारीत. हॉस्पिटलात तिचा शब्द शेवटचा मानत. घरी सासूबाई सोडून सगळेच मानत.

"आई, बदलीची काही गरज नाही," थोरली म्हणाली. "तिच्या बॅजवर इतकं कमी येतं, की आलं म्हणायचीसुद्धा लाज वाटावी."

"पण येतं ना?"

"येतं. तसं तर मातीतून येतं, आकाशातून येतं. तुम्ही-आम्ही बसलोय तिथेही येतं."

"ते देवानं दिलेलं. हे मशिनीनं दिलेलं."

धाकटा दीर फस्सकन हसला. थोरलीनं मात्र खुर्ची पुढे ओढली. असा विषय निघाला की तिला राहवत नसे. तिनं मिठाची वाटी जवळ घेतली. "हे बघा. भरपूर किरणं लागली तर कर्करोग वाढतो, हे नक्की. मोजलेलं आहे. पण अगदी थोडी लागली तर काय होतं? होत असलंच तर ते इतकं कमी, की नेहमीच्या आजारांच्या गर्दीत शोधूनही सापडत नाही. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर आलेखातली वरची रेघ पट्टी लावून सरळ शून्यापर्यंत खाली ओढली. खबरदारी म्हणून. तिथे काही दिसलं म्हणून नव्हे. आता बघा, माणसानं किलोभर मीठ एकदम खाल्लं तर तो मरेल. म्हणून हजार माणसांनी चिमूट-चिमूट खाल्लं तर त्यातला एक मरेल का?"

"मीठ मी माझ्या हातानं घालते," सासूबाई म्हणाल्या. "किती घातलं ते मला दिसतं. तुझं ते दिसतं का?"

"दिसत नाही म्हणून तर मला पगार देतात, आई."

सगळे हसले. सासूबाईही हसल्या, पण त्यांनी वाटी उचलून फडताळात ठेवून दिली.

थोरली खोटं बोलत नव्हती. या वादात कोण कुठल्या बाजूला आहे, कुणाचा आधार किती पक्का, हे तिनं वर्षानुवर्षं वाचलं होतं. काही जण म्हणत, शून्याखेरीज सुरक्षित असं काही नाही. काही म्हणत, एका पातळीखाली शरीर आपलं आपण निस्तरतं. एखाददुसरा तर थोडी किरणं चांगलीच, असंही म्हणे. त्याच्याकडे ती लक्ष देत नसे. तिचं मत शरीर निस्तरतं म्हणणाऱ्यांच्या बाजूला झुकलेलं होतं. किरणांपेक्षा त्यांच्या भीतीनंच माणसांचं जास्त नुकसान होतं, असं तिला मनापासून वाटायचं. आणि नेमका त्याच महिन्यात हॉस्पिटलातल्या नर्सेसनी अर्ज केला होता, की दिवस राहिलेल्या बाईला किरणांच्या खोलीतून मागितल्याबरोबर बदली मिळावी. व्यवस्थापनानं थोरलीचं मत मागवलं होतं. आज एकीला सोडलं तर उद्या सगळ्या धास्तावतील, थिएटरात पाऊल टाकायला कुणी राहणार नाही, असं तिचं म्हणणं तयार होतं.

म्हणून ती धाकटीकडे वळली आणि म्हणाली, "अगं, तूच घाबरलीस तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

धाकटीनं क्षणभर पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. मग मान वर करून हसली. "छे हो ताई, मी कुठे घाबरतेय? आईंचं आपलं काहीतरी."

ती थिएटरातच राहिली. पोटावर, ॲप्रनच्या आत लावायला थोरलीनं तिला आणखी एक बॅज दिला. आणि बैठकीत थोरलीनं आपलं मत मांडताना शेवटी सांगितलं, "माझी सख्खी जाऊ गरोदर आहे आणि ती आजही तिथेच काम करतेय." यावर कोण काय बोलणार? ठरलं असं, की किरणांच्या कारणानं बदली हवी असेल तिनं थोरलीचं पत्र आणायचं: मात्रा खरोखरच जास्त आहे, असं. आणि मात्रा जास्त नसायचीच, त्यामुळे पत्र मिळायचंही नाही. दोघी-तिघी आल्या तशा परत गेल्या. थोरलीनं प्रत्येकीला आकडे दाखवले, समजावलं, चहा पाजला. आपण त्यांची भीती घालवली, असंच तिला वाटत राहिलं.

पुढे काही महिन्यांनी थोरलीला स्वतःलाच दिवस राहिले.

याआधी दोनदा राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. त्याला किरणं कारण नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि तिनंही आपल्या बॅजची सगळी रीडिंग्ज पुन्हा काढून पाहिली होती. घरात त्यावर कुणी बोलत नसे. या वेळी तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. पहिले महिने सरेपर्यंत आईंनाही नको म्हणाली.

कामात तिनं काहीच बदल केला नाही. निदान तिला तसं वाटत होतं. थिएटरच्या मशीनची तपासणी मात्र पुढच्या आठवड्यावर गेली, मग त्याच्या पुढच्या. दरवेळी कारण अगदी खरं असायचं.

हृदयाच्या विभागात नवीन मशीन आलं, ते काही पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. सोबत तंत्रज्ञ होते श्वासधरे. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. उभा जन्म लोकांना "श्वास धरा, हलू नका" सांगण्यात गेला, त्यामुळे हॉस्पिटलनंच त्यांना ते बहाल केलं होतं, आणि आता बायकोचे फोनसुद्धा त्याच नावानं येत. टेबलावर पेशंटच्या जागी पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा चौकोनी डबा ठेवला होता.

"काय हो, जेवून तर आला नाहीत ना?" श्वासधरेंनी डब्याला विचारलं आणि दार लावून ते काचेच्या आड, थोरलीच्या शेजारी आले.

काच शिशाची होती, भिंतीत शिशाचा पत्रा. थोरलीनंच हिशेब करून दिलेला. या काचेआड उभं राहून जेवढी किरणं लागतील त्यापेक्षा जास्त विमानाच्या एका प्रवासात लागतात, हे वाक्य ती दरवर्षी नव्या लोकांना सांगायची.

"चला, मॅडम," श्वासधरे म्हणाले आणि बटणाकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला. ते तिच्याकडे बघत राहिले. "छत्रीपण उघडू का?"

"काय?"

"नाही, म्हटलं घरात पाऊस पडतोय वाटतं."

थोरलीनं खाली पाहिलं. तिनं ॲप्रन घातला होता. हुकावरून काढून, खांद्यांवर चढवून, कमरेचा पट्टा आवळून मोकळीसुद्धा झाली होती. केव्हा, ते तिलाच कळलं नव्हतं.

काचेच्या आड ॲप्रन घालायचा तो पहिल्या दिवशीच्या नवशिक्यानं. मग वर्षभर त्याला "भिंत सोबत आणलीस का रे?" म्हणून विचारतात. तिनं स्वतःही विचारलं होतं. श्वासधरे गालातल्या गालात हसत होते, आणि मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. ॲप्रनवरून तो पोटावर होता. हसणं हळूहळू विरलं.

"अरे वा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "अभिनंदन, मॅडम."

"कुणाला सांगू नका."

"माझं तोंड म्हणजे तिजोरी."

आता ॲप्रन काढावा तर कबुली दिल्यासारखं, ठेवावा तर तेच. तिनं तो ठेवला. कसं दिसेल हे काही त्याचं कारण नव्हतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिला तो काढायचाच नव्हता. आकडे डोक्यात लख्ख होते, एकही हलला नव्हता, आणि तिचे हात त्यातलं काही ऐकायला तयार नव्हते.

"श्वास धरा," श्वासधरे डब्याला म्हणाले. पण सवयीनं, गंमत म्हणून नव्हे.

दिवसभर लोकांना श्वास धरायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःची जीभ काही धरवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली आपल्या उपकरणांच्या खोलीत बसली होती, तोच दार धाडकन उघडून धाकटी आत आली आणि तिच्या गळ्यातच पडली. मध्ये धाकटीचं मोठं झालेलं पोट आलं, तशा दोघींनाही हसू फुटलं.

"ताई! एका घरात राहून मला कँटीनमध्ये कळावं? आणि तेही श्वासधरेंकडून!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आईंना माहितेय? नाही ना? मी नाही बोलणार, शपथ. दोघांत किती अंतर पडेल हो? माझं सगळं तुम्हाला होईल. झबली, टोपडी, सगळं." ती थिएटरातून तशीच आली होती, डोक्यावर टोपी, मानेवर घाम. सदऱ्याच्या गळ्याशी दोन्ही खांद्यांवर लाल वळ दिसत होते. "आणि ते म्हणे तुम्ही काचेच्या आड ॲप्रन घालून उभ्या! सगळी कँटीन हसत होती. मी म्हटलं, आमच्या ताई? शक्यच—"

ती थांबली. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, जरा वेळ, जागा सोडायला विसरल्यासारखं.

"घातला होतात का?"

"हो."

खोलीत एका यंत्राचा पंखा घरघरत होता. धाकटी स्टुलावर बसली, एक हात कमरेला लावून.

"मी आत असते, ताई," ती म्हणाली. "काचेच्या आड नाही. टेबलाजवळ."

"तुझ्या पोटावरच्या बॅजचं रीडिंग प्रत्येक वेळी मी स्वतः बघते. शून्य आहे. जवळजवळ शून्य. मी तुला दाखवते—"

"आकडे नका दाखवू."

"पण तेच तर—"

"तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत ते खरं होतं?"

"खरं होतं. आजही आहे."

"मग ॲप्रन का घातलात?"

या प्रश्नाची थोरलीपाशी निदान चार उत्तरं होती. वयाचं होतं, आधीच्या दोन वेळांचं होतं, कामाचं होतं, सवयीचं होतं. एकेक तोंडाशी आलं आणि धाकटीच्या खांद्यावरचे वळ पाहून परत गेलं. ॲप्रनचं ते पाच-सहा किलोचं वजन होतं. किरणांचा हिशेब तिनं कितीदा केला होता, त्या वजनाचा एकदाही नाही.

"भीती वाटली," ती म्हणाली.

"मलाही वाटत होती." धाकटीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रोज वाटायची. बटण दाबलं की मी पोट आत घेत होते. हसाल तुम्ही. पण मला वाटायचं, ताईंना भीती वाटत नाही म्हणजे भीती वाटणं हाच अडाणीपणा. म्हणून मी ह्यांनासुद्धा बोलले नाही. मला तिथून जायचं होतं, ताई. जायला मिळतही होतं. मी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, मी कुठल्या तोंडानं सांगू."

थोरलीला वाटलं, हिनं रडावं, भांडावं, दार आपटावं. धाकटी उठली, तिनं टोपी सारखी केली. जाताना म्हणाली, "जपा हं," आणि ते तिनं मनापासून म्हटलं. तेच ऐकवेना.

पुढच्या आठवड्यात बैठक होती. विषय दुसरेच होते, पण थोरलीनं सुरुवातीलाच हात वर केला. नर्सेस मागच्या रांगांत होत्या. धाकटी अगदी शेवटी, भिंतीला टेकून उभी. आदल्या रात्री थोरलीनं ठरवलं होतं, की सगळं सांगायचं. ॲप्रनचं, जावेचं, तिला काय म्हटलं त्याचं. आकडे एका बाजूला आणि पोटात वाढवणारी बाई दुसऱ्या बाजूला. किती धोका पत्करायचा हे तिनं ठरवायचं, आकड्यांनी नव्हे, असं एक चांगलं वाक्यही तयार होतं.

उभी राहिली आणि म्हणाली, "बदलीसाठी माझं पत्र आणायची अट काढून टाकावी. जिला हवी तिला बदली द्यावी. कारण विचारू नये."

अधीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण मॅडम, अट तुम्हीच सुचवलेली. नवीन काही धोका आढळला का?"

"नाही. आकडे तेच आहेत."

"मग?"

आता. आता सांगायचं. मागे खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खाकरलं. सगळ्यांना माहीत होतं. श्वासधरे पेनाचं टोपण लावत-काढत होते. सांगून टाकणं किती सोपं होतं, आणि तिच्या तोंडून निघालं ते असं: "कर्मचाऱ्यांच्या मानसिक समाधानासाठी."

मागून एक आवाज आला, फार मोठा नाही, पण पोचेल इतका. "आता स्वतःवर आलं ना."

कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला मान खाली घालायला निमित्त मिळालं असतं. अधीक्षक म्हणाले, ठीक आहे, काढू या अट, आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. पण ते असं झालं, की यापुढे थोरली कुठल्याही खोलीत शिरून "काळजी नको" म्हणाली, तर ऐकणारीनं आधी तिच्या पोटाकडे पाहावं. आणि तो आवाज ज्या बाईचा होता, तिचं म्हणणं खोडून काढायला थोरलीकडे काहीच नव्हतं. स्वतःवर आलं नसतं, तर अट राहिलीच असती.

धाकटीनं त्याच संध्याकाळी अर्ज दिला. दुसऱ्या दिवसापासून ती ओपीडीत बसू लागली, खुर्चीवर, पंख्याखाली. तिच्याबरोबर आणखी एक गेली. जिला थोरलीनं चहा पाजून परत पाठवलं होतं, तीच.

घरी कुणाला काही कळलं नाही. धाकटीनं शब्दही काढला नाही. थोरलीची बातमी रीतसर सांगून झाली, सासूबाईंनी पुन्हा डोळे पुसले, दिरानं पुन्हा पाणी ओतलं. दोघी जावा शेजारी बसून भाजी निवडत, झबल्यांचं कापड बघत. धाकटी पूर्वीइतकंच बोलायची, बहुधा जरा जास्तच. थोरलीला वाटू लागलं, सरलं असावं.

एका रविवारी सकाळी धाकटीची दाढ ठणकत होती, अंगात कणकण होती. दाताच्या डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे काढायला सांगितला होता, आणि या दिवसांत तो काढावा की नाही यावर स्वयंपाकघरात चर्चा चालली होती. ओट्यापाशी चहा गाळत थोरली ऐकत होती. दाढेचा एक्स-रे, पोटापर्यंत काहीही पोचत नाही, आणि दाढेतला पू तसाच ठेवणं जास्त धोक्याचं. दोन वाक्यांचं काम होतं.

"अगं, मग हिला विचार की," सासूबाई म्हणाल्या. "घरात एवढी शिकलेली बसलीय."

धाकटीनं हातातला फोन कानाला लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती. तिनं थोरलीकडे पाहून मान हलवली, हसली, अगदी प्रेमानं.

"ताईंना कशाला उगाच त्रास," ती म्हणाली. मग फोनमध्ये: "हॅलो, श्वासधरे? रविवारी त्रास देतेय हं, एक विचारायचं होतं."

थोरलीनं चहाचे कप ताटलीत मांडले. एक धाकटीसमोर ठेवला. धाकटी कान देऊन ऐकत होती, मधूनमधून "हो का? नक्की ना?" म्हणत होती. पलीकडून श्वासधरे काय सांगतायत ते थोरलीला ऐकू येत होतं. ते बरोबर सांगत होते. थोरलीनं वर्षामागून वर्षं त्यांना शिकवलेलंच सगळं, शब्दन्‌ शब्द.

"चला, सुटले," फोन ठेवून धाकटी सासूबाईंना म्हणाली. "काढायला हरकत नाही म्हणतात."

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "खरं का गं?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी कपात फुंकर घालत होती, उत्तराची वाट न पाहता.